'घरी न्या, सेवा करा' म्हणजे नेमकं काय करायचं?

फाल्गुन संपत आला होता तेव्हा जिभाऊंना घरी आणलं. जिभाऊ म्हणजे माझ्या वडलांचे मोठे भाऊ, सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर कपाशी आणि बिडी, आणि दिवाळीच्या तोंडावर फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तो थेट चौथ्या स्टेजचाच. चार केमो झाले, पाचव्याच्या आधी स्कॅन काढला आणि डॉक्टरांनी दादाला, म्हणजे त्यांच्या मुलाला, केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आता उपयोग नाही, घरी न्या, सेवा करा. दोन मिनिटांत विषय संपला. दादाने हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरूनच मला फोन लावला, तुझं मेडिकल आहे, तुला कळतं, सेवा करा म्हणजे काय करायचं ते सांग.

मला सांगता आलं नाही. अमळनेर तालुक्यात २१ वर्षं काउंटरवर उभा आहे, हजारो प्रिस्क्रिप्शन वाचली असतील, पण ह्या दोन शब्दांचं प्रिस्क्रिप्शन कोणी लिहून दिलेलं मी पाहिलेलं नव्हतं. त्या रात्रीपासून वाचायला लागलो, रोज दुकान बंद झाल्यावर दोन दोन तास, आणि मग लक्षात आलं की ह्या 'सेवा करा'वर जगात केवढं संशोधन झालंय, मोठमोठ्या ट्रायल झाल्यात, आणि त्यातलं निम्मं सुद्धा आपल्या गावांपर्यंत पोचलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी दम लागण्याचं सांगतो, कारण जिभाऊंना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होता. चैत्रात इकडे ऊन काय असतं ते सांगायला नको, दुपारी ४३-४४, पत्र्याचं घर, त्यात लाईट जायची. घरी आणल्या आणल्या नातेवाईकांनी पहिली गोष्ट काय केली तर ऑक्सिजनचं सिलेंडर भाड्याने आणलं. मी बोटाला मीटर लावून बघितलं तर ९४, म्हणजे ऑक्सिजन कमी नव्हताच, तरी माणूस उठून बसतोय, मान पुढे करतोय, माले दम लागस, माले दम लागस. नाकात नळी होती, ती त्यांना टोचायची, नाक कोरडं पडून रक्त यायचं.

ह्याच्यावर २०१० साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक ट्रायल छापून आलीये. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधले २३९ पेशंट, सगळ्यांना गंभीर आजार, सगळ्यांना दम लागतो पण रक्तातला ऑक्सिजन फार कमी नाही असे. अर्ध्यांना नळीतून ऑक्सिजन दिला आणि अर्ध्यांना तशाच नळीतून साधी हवा, कोणाला काय मिळतंय ते कोणालाच माहीत नाही, सात दिवस. दोन्हीकडे सारखाच आराम पडला. म्हणजे ज्याचा ऑक्सिजन खरंच खाली गेलाय त्याला तो द्यायलाच पाहिजे, पण ज्याचा नाही त्याला सिलेंडरने साध्या हवेपेक्षा जास्त काही मिळत नाही. आणि छोट्या हातातल्या पंख्यावर वेगळे अभ्यास आहेत, गालांवर आणि नाकाच्या आजूबाजूला गार वारा लागला की तिथली मज्जातंतू मेंदूला कळवते की हवा येतेय आणि दम लागल्याची भावना कमी होते.

मी सिलेंडर लगेच काढायला लावलं नाही, मोठी मायचा, म्हणजे जिभाऊंच्या बायकोचा, जीव त्यात अडकला होता. फक्त बाज आतल्या खोलीतून ओट्याजवळच्या दारापाशी आणली, पाठीमागे दोन लोड देऊन त्यांना थोडं पुढे झुकवून बसवलं, पुढ्यात उशी ठेवली हात टेकायला. आणि बाजारातून दीडशे रुपयांचा चार्जिंगवाला छोटा पंखा आणला, तो तोंडापासून वीतभर अंतरावर धरला, आधी एका गालावर, मग नाकाशी, मग दुसऱ्या गालावर. पाच एक मिनिटांनी त्यांचे खांदे खाली आले. तोवर दर श्वासाला ते कानाला लागत होते. डोळे मिटून म्हणाले, आते बरं वाटी ऱ्हायनं. त्यानंतर तो पंखा त्यांनी हातातून सोडला नाही, झोपेत पण मुठीत असायचा, आणि तीन दिवसांनी मोठी मायनेच सिलेंडर परत पाठवायला सांगितलं.

आता बाटली. आपल्याकडे माणूस जेवेनासा झाला की पहिलं वाक्य, बाटली लावा, अशक्तपणा आलाय. मी स्वतः किती सलाईन विकलेत त्याचा हिशोब नाही. शेवटच्या महिन्यात जिभाऊंचं खाणं दोन चमचे वरणाच्या पाण्यावर आलं तर रोज कोणीतरी येऊन आम्हाला बोलून जायचं, तुम्ही म्हाताऱ्याला उपाशी मारताय, साधी एक बाटली लावत नाही. हे ऐकून दादा रात्री मागच्या अंगणात जाऊन रडायचा. अमेरिकेत ह्यूस्टनकडच्या हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या सेवेत असलेल्या, १२९ कॅन्सर पेशंटवर ह्याची नीट ट्रायल झाली, २०१३ साली छापली गेली. काहींना रोज एक लिटर सलाईन, काहींना नावापुरतं १०० मिली. थकवा, भ्रम, झटके, जगण्याचे दिवस, कशातच फरक पडला नाही. शरीर बंद व्हायला लागलं की भूक आपोआप जाते, माणूस जेवत नाही म्हणून जात नाही, तो जायला लागलाय म्हणून जेवत नाही. हे वाक्य मी दादाला चार वेळा सांगितलं तेव्हा त्याला पटलं.

तरी एकदा बाटली लावलीच, पाहुण्यांच्या दबावाने. शीर सापडेना, तीन ठिकाणी टोचलं, हात सुजला, रात्री छातीत घरघर वाढली. सकाळी जिभाऊच म्हणाले, काढी टाक रे. तहान म्हणजे खरं तर तोंड कोरडं पडणं असतं, ते आम्ही नंतर शिकलो, दर तासाला स्वच्छ कापड ओलं करून जीभ, हिरड्या, गालाचा आतला भाग पुसायचा, बर्फाचा बारीक चुरा चमच्याने ठेवायचा, ओठांना तूप. वहिनी हे इतकं हळुवार करायची की मी बघत राहायचो, बोटाला कापड गुंडाळून, आधी ते स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायची फार गार तर नाही ना.

ह्याच्या पुढचा विषय दुखण्याचा, आणि इथे मला राग येतो. बरगड्यांत गेलेल्या कॅन्सरचं दुखणं ट्रामाडॉलने थांबत नव्हतं. इटलीत २४० पेशंटवर अभ्यास झाला, २०१६ चा, मध्यम दुखणं असलेल्यांना एकीकडे ट्रामाडॉल-कोडीनसारखी हलकी औषधं आणि दुसरीकडे थोड्या डोसचं मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं दुखण्यावरचं जोरदार औषध. मॉर्फिनवाल्यांत ८८ टक्के लोकांचं दुखणं निदान पाचव्या हिश्शाने कमी झालं, हलक्या औषधांत ५८ टक्क्यांचं. औषधाचे दुष्परिणाम दोन्हीकडे साधारण सारखेच. म्हणजे मॉर्फिन हे मरताना द्यायचं औषध नाही, दुखतंय तेव्हा द्यायचं औषध आहे.

पण ते मिळतं कुठे? माझ्या मेडिकलात नाही. आसपासच्या कोणाच्याच मेडिकलात मला मिळालं नाही. गंमत नाही, वाईट वाटतं, सातपुडा ओलांडून गेलं की मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आपला देश जगाला औषधी अफू पुरवतो, आणि इकडे आपला माणूस बाजेवर कण्हतोय. १९८५ ला एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा आला, हेतू नशा थांबवायचा होता, पण परवान्यांच्या जंजाळामुळे १९९७ पर्यंत देशातला औषधी मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला. मधल्या काळात डॉक्टरांच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या, त्यातल्या कित्येकांनी ही गोळी हातात धरलेली नाही. २०१४ ला संसदेने कायदा बदलला, मॉर्फिन 'अत्यावश्यक अंमली औषध' झालं, मान्यताप्राप्त दवाखान्याला आता एकाच परवान्यावर ते ठेवता येतं. कायदा बदलून इतकी वर्षं झाली, तरी परवाना मागणारे दवाखानेच आपल्याकडे फार थोडे.

शेवटी दादा रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला, तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या विभागाच्या ओपीडीत कागद दाखवले आणि १० मिलीग्रॅमच्या गोळ्या घेऊन आला. तिथल्या नर्सबाईंनी त्याला पाऊण तास बसवून समजावलं, अख्ख्या आजारपणात कोणी एवढा वेळ दिला नव्हता. दुखायला लागल्यावर गोळी द्यायची नाही, दर चार तासांनी घड्याळ बघून द्यायची, दुखो न दुखो. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला वहिनीने रकाने आखले, सहा, दहा, दोन, सहा, दहा, आणि रात्री दहाची दुप्पट म्हणजे दोन वाजता उठवायला नको. प्रत्येक गोळीपुढे खूण. चौथ्या दिवशी जिभाऊ कुशीवर वळून झोपले, दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

एक चूक माझी झाली ती सांगून ठेवतो. मॉर्फिनने संडास घट्ट होते, पहिल्या गोळीसोबतच पोट साफ होण्याचं औषध सुरू करावं लागतं, नर्सबाईंनी लिहून पण दिलं होतं, आणि मी म्हटलं बघू, लागलं तर देऊ. पाच दिवस झाली नाही, पोट फुगलं, पाच दिवसांचा आराम एका रात्रीत गेला. फार्मसी शिकलेला माणूस असून हे केलं. तुम्ही करू नका. आणि सवय लागेल, व्यसन लागेल ही भीती आमच्याही घरात होती, पण डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यापुरता डोस असेल तर कॅन्सरच्या पेशंटला व्यसन लागणं फार कमी बघायला मिळतं. गुंगी पहिले दोन तीन दिवस आली, मग गेली.

सगळ्यात जास्त ज्याने मला हलवलं तो अभ्यास मात्र वेगळाच आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. जेनिफर टेमेल आणि त्यांच्या टीमने केलेला, २०१० ला प्रसिद्ध झाला. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे, म्हणजे अगदी जिभाऊंसारखेच, १५१ पेशंट. निम्म्यांना नेहमीची ट्रीटमेंट आणि निम्म्यांना तीच ट्रीटमेंट अधिक पॅलिएटिव्ह टीमची भेट, निदान झाल्यापासूनच, महिन्याला किमान एकदा. दुसऱ्या गटातल्या लोकांचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी, शेवटच्या दिवसांत केमोचा मारा कमी, आणि तरी आयुष्य जास्त, मध्यक (म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्यापेक्षा जास्त जगले तो आकडा) ८.९ महिन्यांच्या जागी ११.६ महिने. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही हे पण खरं, पण त्रास कमी होतो हे बहुतेक ठिकाणी दिसलं. आणि आपल्याकडे हे कधी सुचवतात? सगळं संपल्यावर. जिभाऊंना ही मदत दिवाळीत मिळायला हवी होती, ती मिळाली चैत्रात. मधले पाच महिने त्यांनी जे सोसलं त्यातलं किती तरी सोसायची गरजच नव्हती, हे मला रात्री झोपू देत नाही.

भुकेबद्दल आपल्याच देशातला एक चांगला अभ्यास आहे, पुद्दुचेरीच्या जिपमेर ह्या सरकारी वैद्यकीय संस्थेचा, २०२३ ला आला. केमो सुरू होणाऱ्या १२४ पेशंटना रोज ओलान्झापिन २.५ मिलीग्रॅम किंवा दिसायला तशीच खोटी गोळी. १२ आठवड्यांनी वजन पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढलेले लोक ओलान्झापिनवाल्यांत ६० टक्के, खोट्या गोळीवाल्यांत ९. ही गोळी स्वस्त आहे, जुनी आहे, पण तिची ओळख मानसिक आजाराची म्हणून. माझ्याकडे एक ताई प्रिस्क्रिप्शन घेऊन आल्या होत्या, आमच्या बाबांना वेड लागलंय का म्हणून रागाने चिठ्ठी फाडायला निघाल्या होत्या, त्यांना पाणी देऊन बसवून समजावलं. आपल्या मनाने मात्र कोणी घेऊ नये, आणि हे केमो चालू असतानाचं आहे, अगदी शेवटच्या आठवड्यांचं नाही.

तुम्ही म्हणाल बोस्टन कुठे, आपण कुठे, धुळे-नंदुरबारच्या माणसाने दर महिन्याला मुंबईला कसं जायचं. ह्याचंही उत्तर येऊ लागलंय. २०२४ ला अमेरिकेतल्या २२ केंद्रांतल्या १२५० फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवरची ट्रायल आली, पॅलिएटिव्ह डॉक्टरांची भेट व्हिडिओ कॉलवर की समोरासमोर, तर दोन्हीचा फायदा सारखा. मोबाईल तर आपल्या पाड्यापाड्यावर पोचलाय. अडचण एकच, २०२० च्या आपल्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे अंमली औषध व्हिडिओवरून लिहून देता येत नाही, म्हणजे सल्ला घरात येईल पण गोळीसाठी कोणाला तरी गाडी पकडावीच लागेल. गोळी जवळ हवी, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हवी. केरळने हे करून दाखवलंय, कोझिकोडला १९९३ ला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सोबत्यांनी छोटा क्लिनिक सुरू केला, गावातले लोकच शिकून घरोघरी जायला लागले, २००८ ला राज्याने धोरण केलं. तिथे जमलं ते इथे का जमू नये, आपल्याकडे कोणी आजारी पडलं तर अख्खी गल्ली येऊन बसते, माणसं कमी नाहीत.

जिभाऊ अखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, पाचव्या दिवशी गेले. अखाजीला त्यांना ओट्यावर आणलं होतं, समोर निंबाला पोरींनी झोका बांधलेला, गाणी चालली होती, मोठी मायने आमरसाचं बोट त्यांच्या जिभेला लावलं. पंखा हातात होताच. दुखत नव्हतं. तो दिवस ह्या सगळ्या गोळ्यांनी, रकान्यांनी आणि ओल्या कापडाने मिळाला, आपोआप नाही मिळाला.

आता मी एक काम काढलंय. जळगाव, धुळे आणि नंदुरबार ह्या तीन जिल्ह्यांत तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या कुठल्या दवाखान्यात मिळतात, कुठल्या वारी मिळतात, सोबत कुठले कागद लागतात, ह्याची यादी करतोय. तुमच्या घरी कोणासाठी आणल्या असतील, किंवा तुम्ही नर्स, डॉक्टर, आशाताई असाल आणि तुम्हाला माहीत असेल तर खाली लिहा. पेशंटचं नाव लिहू नका, फक्त दवाखाना आणि वार. परवा दुकानात पिंपळनेरकडचा एक मुलगा आला होता, आईची फाईल घेऊन, त्याला पण तेच दोन शब्द सांगून घरी पाठवलंय. त्याला पंखा दिला, तोंड पुसायचं समजावलं, दादाने आखलेला नव्हे वहिनीने आखलेला तो कागद झेरॉक्स करून दिला. गोळी मात्र देता आली नाही, आणि तो शनिवारी परत येणार आहे.