वजन ४९, एलडीएल २००

आमच्या बँकेत दरवर्षी आरोग्य तपासणी असते. उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि नंतर कॅन्टीनमध्ये फुकटचा उपमा खायचा, माझ्या लेखी तिचं महत्त्व एवढंच. साखर ठीक, हिमोग्लोबिन जरा कमी, संपलं. दोन वर्षांपूर्वी मात्र रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर एकाखाली एक आकडे ठळक अक्षरांत छापून आले. एकूण कोलेस्टेरॉल २८१, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १६५, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ४८, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल २००.

पहिला विचार आला, की नळ्या बदलल्या असणार. माझं वजन ४९ किलो. लग्नात शिवलेलं ब्लाउज अजून अंगाला बसत होतं. शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण रिपोर्ट बघून म्हणाली, "तुला कसलं कोलेस्टेरॉल? फुंकर मारली तर उडशील." मलाही तेच पटत होतं, कारण कोलेस्टेरॉल म्हणजे पोट सुटलेल्या माणसांचा आजार, असाच माझा समज. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. एलडीएल १९७.

कोथरूडमधल्या आमच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या जेवणाबद्दल काहीच विचारलं नाही. आधी विचारलं, "वडील कशाने गेले?"

बाबा गेले तेव्हा ५३ वर्षांचे होते. ऑफिसला निघाले आणि डेक्कनच्या बसस्टॉपवर कोसळले. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की सिगरेट आणि टेन्शन. मी तेच सांगितलं. मॅडमनी मला चपला काढायला लावल्या, टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली आणि मग विचारलं, "त्यांच्या डोळ्यांजवळ पिवळट डाग होते का, नाकाच्या बाजूला?" मला हसूच आलं. आम्ही लहानपणी त्याला बाबांचं हळदीकुंकू म्हणायचो. पापणीच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना पिवळसर फुगीर ठिपके. भिंतीवरच्या फोटोतसुद्धा दिसतात. घरी येऊन मी खुर्चीवर चढून तो फोटो जवळून पाहिला.

मॅडमचं म्हणणं असं, की ते पिवळे ठिपके म्हणजे कातडीखाली साचलेलं कोलेस्टेरॉल असू शकतं, आणि आपल्या अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीरच ते तयार करतं. रक्तातलं जास्तीचं एलडीएल उचलून घ्यायचं काम यकृताचं. काही घराण्यांत ही उचल जन्मापासूनच कमी असते, मग माणूस जाड असो की काडी. त्यातून माझी पाळी जाऊन वर्ष झालेलं, त्यानंतरही एलडीएल वाढतं. थायरॉइडमुळे वाढतं का, हे बघायला टीएसएच केली, ती व्यवस्थित. यकृताची आणि मूत्रपिंडाची तपासणीही केली. तीही व्यवस्थित. "१९० च्या वर, आणि घरात असा इतिहास असेल तर खरं म्हणजे मी थांबत नाही, गोळी सुरू करते," त्या म्हणाल्या. मी तीन महिने मागून घेतले. एकदा सुरू झालेली गोळी आयुष्यभर मागे लागते, ही भीती. आणि थोडा अहंकारही, की मी मनावर घेतलं तर काय होणार नाही.

मनावर मात्र घेतलं. आधी घरातल्या तेलाचा हिशेब मांडला. आम्ही तिघंच असतो, मी, नवरा आणि सासूबाई, कारण लेक बंगळूरला. महिन्याला साडेचार लिटर तेल! माणशी दीड लिटर, आणि आम्ही स्वतःला साधं जेवणारे समजत होतो. फोडणीच्या भांड्यात तेल ओतायचं नाही, चमच्याने मोजून घालायचं, एवढ्या एका नियमाने दोन महिन्यांत ते दोन लिटरवर आलं. कोणाला काही कळलं नाही. सासूबाईंना कळलं, पण त्यांनी भाजीबद्दल काही न म्हणता भाकरीवर तूप वाढवलं. त्या ७९ वर्षांच्या, आयुष्यभर साजूक तूप खाल्लेलं, आणि एलडीएल १०४. या घरात न्याय नाही.

खरा चोर निघाला बँकेतला चार वाजताचा चहा. चहाबरोबर खारी, नाहीतर टोस्ट, कोणाचा वाढदिवस असला तर पॅटिस. खारीचे पापुद्रे सुटतात ते बहुतेक वेळा वनस्पती तुपामुळे किंवा मार्जरीनमुळे, हे मला पन्नाशीत कळलं. बिस्किटांच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागले तर जिकडेतिकडे पाम तेल. पाम तेलातली निम्मी चरबी संपृक्त असते, तीच एलडीएल वाढवते. आणि तेलाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं, त्याची तर गंमतच. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून येतं, कुठल्याच शेंगदाण्यात, करडईत किंवा सूर्यफुलात ते नसतं. उद्या पाण्याच्या बाटलीवरही लिहितील.

खारीच्या जागी भाजलेले फुटाणे आणले. सकाळी पोह्यांऐवजी कधी मोड आलेली मटकी, कधी सातूचं पीठ. सातूत जव असतो, आणि ओट्सला ज्या विद्राव्य तंतूंसाठी एवढा मान मिळतो ते जवातही असतात. ओट्स दोन आठवडे खाऊन पाहिले, लापशीचा तो चिकटपणा मला जमला नाही. रात्री इसबगोल. जवसाची चटणी, आठवड्यातून दोनदा हुलग्याचं पिठलं. लसणाचा प्रयोगही केला, नाकारत नाही. उपाशीपोटी दोन कच्च्या पाकळ्या. आठव्या दिवशी पित्त उसळलं आणि काउंटरपलीकडचे एक पेन्शनर आजोबा चक्क एक पाऊल मागे सरकले. लसूण बंद.

चालण्यासाठी वेताळ टेकडी. पहाटे साडेपाचला एआरएआय या संस्थेच्या बाजूने वर, खाणीला वळसा घालून परत. पहिल्या आठवड्यात अर्ध्या चढावर थांबून, मोर दिसतोय का असं बघण्याचं नाटक करत धाप घालवायचे. पंधरा दिवसांनी मोर खरंच दिसला, तेव्हा थांबायची गरज नव्हती. रविवारी पर्वती, १०३ पायऱ्या, आधी एकदा, मग दोनदा. मॅडमनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं सांगितली होती, माझी अडीचशे व्हायची.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड १६५ वरून ११५. एचडीएल ५०. एलडीएल १७४.

मी लॅबच्या बाहेर स्कूटरवर बसून रडले. खारी सोडली, तेल निम्म्याहून कमी केलं, पहाट पहाट टेकडी चढले, आणि गेले किती तर सव्वीस. मॅडम मात्र खूश होत्या. "एवढ्या मेहनतीने तेरा टक्के उतरलं, आहाराने साधारण एवढंच उतरतं. तुम्ही नापास झालेल्या नाही, पेपरच तुमचा वेगळा आहे." मग रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम लिहून दिली. लक्ष्य १०० च्या खाली.

गोळी कशी काम करते ते मी विचारून घेतलं, कारण न समजता काही गिळायची मला सवय नाही. ती यकृताची कोलेस्टेरॉल बनवण्याची क्रिया रोखते. मग यकृताला चणचण भासते आणि ते रक्तातलं एलडीएल जास्त जोराने ओढून घेतं. या जातीचं औषध अकिरा एन्डो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाला १९७० च्या दशकात एका बुरशीत सापडलं, आणि पहिली गोळी अमेरिकेत १९८७ साली मंजूर झाली. बाबा गेले १९८४ मध्ये.

गोळी रात्रीच घ्यायची का, यावर मेडिकलवाल्याचं आणि माझं थोडं वाजलं. तो म्हणे रात्रीच. मॅडम म्हणाल्या, जुन्या काही गोळ्यांचा असर थोडे तास टिकायचा म्हणून तो रिवाज, ही दिवसभर टिकते, कधीही घ्या पण रोज घ्या. मी सकाळच्या चहाला जोडली. आठ आठवड्यांनी एलडीएल ९६. यकृताची एसजीपीटी ठीक. पोटऱ्या दुखत होत्या म्हणून स्नायूंची सीपीके तपासणी केली, तीही ठीक. दुखणं नवीन बुटांचं निघालं.

आणि मग मी तो मूर्खपणा केला. ९६ म्हणजे नॉर्मल, नॉर्मल म्हणजे बरी झाले. त्यातच व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर आला, की कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांचं थोतांड आहे. कोणाला न सांगता गोळी बंद केली. टेकडी चालू, आहार चालू. दिवाळीत दोन चकल्या, एक अनारसा, बस. जानेवारीत रिपोर्ट केला, १७१.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "चष्मा लावल्यावर दिसायला लागलं म्हणून चष्मा काढून ठेवता का?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. गोळी पुन्हा सुरू झाली, मार्चमध्ये ९४. आता वर्षातून एकदा लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी आणि एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, कारण या गोळीने काहींची साखर किंचित वर जाते. माझी ५.६ वर आहे. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, मी एक खारी खाते. चहात बुडवून.

राहिली होती एक गोष्ट, आणि तीच सगळ्यात अवघड गेली. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे घराण्यातून आलेलं दिसतंय, तेव्हा तुमच्या भावाची आणि मुलीची तपासणी करा. अशा घरात प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. लेकीने आठवड्यात करून टाकली, ११२. सुटली. धाकटा भाऊ नाशिकला. पन्नाशीला टेकलेला, रोज जिम, दंडाचे फोटो फॅमिली ग्रुपवर. "मला काही होत नाहीये ताई," हे त्याने वर्षभर ऐकवलं. रक्षाबंधनाला आला तेव्हा मी काही बोलले नाही. बाबांचा फोटो भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिला आणि वहिनीला म्हटलं, "डोळ्यांजवळ बघ." तिने फोटो पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं, मग त्याचा चष्मा काढून त्याची डावी पापणी जवळून पाहिली.

पुढच्या सोमवारी तिने त्याला लॅबमध्ये नेलं. २१४.

परवा रात्री दहाला त्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "ताई, ही रात्रीच घ्यायची असते का गं? मेडिकलवाला रात्रीच म्हणतोय."