तुम्ही विचारलंत म्हणून: वेगळं व्हायचा हक्क कायद्यात असावा का?

पुण्या-मुंबईचे मित्र, ऑफिसातले लोक, लग्नात भेटलेले पाहुणे, सगळे मला फिरून फिरून हेच विचारतात, की तुम्ही नागपूरवाले वेगळा विदर्भ मागता, मग उद्या कोणताही प्रदेश देश सोडून जायचं म्हणाला तर तेही तुम्हाला चालेल का, आणि तसा हक्क कायद्यानंच द्यावा का? पहिले एक सांगतो, विदर्भवाले राज्य मागून राहिले, देश नाही. महाराष्ट्रातून निघणं आणि भारतातून निघणं यांची कोणी सरमिसळ केली की माझं डोकं फिरतं. पण प्रश्न खरा आहे आणि त्याला मोकळं उत्तर द्यायलाच पाहिजे.

माझं म्हणणं असं, की प्रदेशाला विचारायचा हक्क असावा, आणि त्यानं रीतसर विचारलं की समोरच्यावर बसून बोलायची सक्ती असावी. एकतर्फी उठून निघून जायचा हक्क मात्र जगात कुठंच कोणाला नसावा.

हे आम्हाला इतकं का लागतं ते बघा. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती. १९५५ साली फाजल अली आयोगानं, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोगानं, वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती मानली गेली नाही. त्याच्या आधी १९५३ ला नागपूर करार झाला होता, खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, नोकऱ्यांत वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, असं सगळं त्यात लिहिलंय. अधिवेशन होतं. बाकीचं किती झालं ते मोजायला १९८४ मधे दांडेकर समितीचा अहवाल यावा लागला आणि तेव्हापासून अनुशेष हा शब्द आमच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. मग १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली, २०२० मधे त्यांची मुदत संपली. करार मोडला तर कोणाकडं जायचं, किती दिवसात उत्तर मिळेल, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं ना, म्हणून सत्तर वर्षं तीच तक्रार चालू आहे.

डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन चालू असताना एकदा या बघायला. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघतो, टेकडी रोडवर नाहीतर मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर बॅरिकेड लावून अडवतात, लोक तिथंच रस्त्यावर बसतात, गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेल्या बाया बॅरिकेडला टेकून डबे उघडतात, आतून निरोप येतो, शिष्टमंडळातले चार-पाच जण जातात, निवेदन देतात, फोटो निघतो, संध्याकाळी सगळे परत बसस्टँडवर. त्या निवेदनाला उत्तर दिलंच पाहिजे असा कायदा नाही. २०१३ च्या आसपास इथल्या संघटनांनी मतपेट्या ठेवून विदर्भावर जनमत घेतलं, लोकांनी मनापासून चिठ्ठ्या टाकल्या, पण कायद्याच्या दृष्टीनं त्या चिठ्ठ्यांची किंमत शून्य.

घटनेचं कलम ३ वाचा एकदा. नवीन राज्य संसद करते, साध्या बहुमतानं. राष्ट्रपती राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवतात, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. तेलंगणाच्या वेळी जानेवारी २०१४ मधे आंध्रच्या विधानसभेनं बिल फेटाळलं, फेब्रुवारीत लोकसभेत पेपर स्प्रे मारण्यापर्यंत गोष्ट गेली, तरी बिल पास झालं आणि २ जूनला राज्य झालं. मला तेलंगणा झाल्याचा आनंदच आहे. पण त्या सगळ्या प्रवासात तेलंगणाच्या माणसाला एकदाही मतपत्रिकेवर सरळ विचारलं गेलं नाही, आणि रायलसीमाच्या माणसालाही नाही. पोरांनी जीव दिले तेव्हा दिल्ली हलली. असा रस्ता कोणाच्याच वाट्याला येऊ नये.

आता देश सोडायच्या हक्काबद्दल. नुसता कागदावर हक्क लिहून काय होतं ते सोव्हिएत युनियनमधे दिसलं. १९७७ च्या त्यांच्या घटनेत कलम ७२ होतं, प्रत्येक प्रजासत्ताकाला बाहेर पडायची मोकळीक, पण पडायचं कसं ते लिहिलंच नव्हतं, आणि लिथुआनिया खरंच निघाला तेव्हा म्हणजे १९९० मधे घाईघाईनं दोन तृतीयांश मतांची आणि पाच वर्षांची अट घालणारा कायदा आणला. इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेत तर कलम ३९ मधे हक्कही आहे आणि पद्धतही, तरी २०२० मधे तिथल्या तिग्रे प्रदेशात युद्ध पेटलंच, कारण ज्यांच्यात बोलणंच बंद पडलं ते घटनेचं पान उघडून बसत नाहीत.

आणि हेच सगळं नीट झालेलं पण आहे. कॅरिबियनमधे सेंट किट्स आणि नेव्हिस नावाचा दोन बेटांचा देश आहे, नेव्हिस म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी वस्ती. त्यांच्या घटनेत नेव्हिसला वेगळं व्हायची पद्धत दिलीय, दोन तृतीयांश मतं पाहिजेत. १९९८ ला मतदान झालं, ६१.८ टक्के लोक हो म्हणाले, म्हणजे दोन तृतीयांशाला थोडी मतं कमी पडली, आणि नेव्हिस आजही त्याच देशात आहे. कोणाचं रक्त सांडलं नाही.

पण मला सगळ्यात पटतं ते कॅनडाचं. १९९५ मधे क्युबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात वेगळं व्हायचं का यावर मतदान झालं, नाही म्हणणारे ५०.५८ टक्के, हो म्हणणारे ४९.४२, फरक ५४ हजार मतांचा. त्यात विचारलेला प्रश्नही इतका गोलमाल होता की कशाला हो म्हणतोय हेच अनेकांना कळलं नसेल. मग १९९८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की क्युबेकला एकतर्फी निघता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर बाकीच्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. दोन वर्षांनी तसा कायदाही झाला. मी मघाशी म्हटलं ते नेमकं हेच.

मग भारतात असा हक्क हवा का? देश सोडायचा, नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितलं की हा संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटता येणार नाही. त्या वेळी फाळणीला सव्वा वर्षही झालं नव्हतं. आणि फाळणी बेकायदेशीर नव्हती हो, ब्रिटिश पार्लमेंटनं रीतसर कायदा करून ती केली, पण रॅडक्लिफला रेषा आखायला जेमतेम पाच आठवडे मिळाले आणि रेषेच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्या माणसाचं काय करायचं याचा कोणी विचार केला नाही. १९५५ मधे त्याच बाबासाहेबांनी मराठी मुलखाची चार राज्यं करा असंही सुचवलं होतं. देश अखंड आणि आतली राज्यं लोकांच्या सोयीची, हे दोन्ही एकाच माणसानं म्हटलंय आणि मला त्यात काही विसंगती दिसत नाही. म्हणून माझी मागणी कलम ३ पुरती आहे. प्रदेशातल्या इतक्या टक्के मतदारांनी मागणी केली तर निवडणूक आयोगानं तिथं जनमत घ्यावं, प्रश्न एका ओळीचा असावा, आणि ठरलेलं बहुमत मिळालं तर संसदेनं ठरलेल्या मुदतीत बिल आणून त्यावर मत द्यावं. पाण्याचं, कर्जाचं, कर्मचाऱ्यांचं वाटप आधी ठरावं. कृष्णेच्या पाण्यावरून तेलंगणा आणि आंध्र अजून भांडून राहिले.

राहिला तो आमच्या घरातलाच प्रश्न, की वेगळं होणाऱ्या प्रदेशातल्याच एखाद्या भागाला जायचं नसेल तर काय. क्युबेकमधल्या क्री आदिवासींनी १९९५ मधे आपलं वेगळं मतदान घेतलं आणि ९६ टक्क्यांच्या वर लोकांनी सांगितलं की क्युबेक गेलं तरी आम्ही कॅनडातच राहू. विदर्भाचे जिल्हे ११, त्यातले पाच वऱ्हाडातले, म्हणजे अमरावती विभागातले. अमरावती-अकोल्याकडची माणसं मला तोंडावर सांगतात की मुंबईचं राज्य जाऊन नागपूरचं राज्य येणार असेल तर आम्हाला काय फायदा, सिंचनाचा सगळ्यात मोठा अनुशेष तर आमच्याच विभागात आहे. त्यांचं बरोबर आहे. म्हणून मतं जिल्हावार मोजावीत, आणि बुलढाणा नाही म्हणाला तर त्याला ओढत आणू नये. इथले माझे विदर्भवादी मित्र यावर भडकतात, म्हणतात तू आंदोलनात फूट पाडतोस. तरी मी हेच म्हणत राहणार.