घड्याळ कुणी पाडलं?

आज लायब्ररीत १९२३ ची ससेक्स जस्टिसेसची केस वाचत होते, इंग्लंडमधली. साधी मोटारसायकलच्या अपघाताची केस, पण मॅजिस्ट्रेट निकाल ठरवायला आत गेले तेव्हा कोर्टाचा क्लार्क पण त्यांच्याबरोबर गेला, आणि हा क्लार्क ज्या वकिली फर्ममधला तीच फर्म त्याच अपघाताच्या भरपाईसाठी आरोपीच्या विरुद्ध काम करत होती. आत त्याला कुणी काही विचारलं नाही, तरी शिक्षा रद्द! का, तर न्याय नुसता होऊन चालत नाही, झालेला दिसायलाही पाहिजे.

वाचलं आणि डोळ्यासमोर थेट आमची मोठी काकू.

सख्खी-चुलत धरून आम्ही अकरा भावंडं, भांडण नाही असा दिवस नाही, आणि फैसला काकूचा, तोही हातातलं काम खाली न ठेवता. मी नऊ वर्षांची असताना गजराचं घड्याळ पडून फुटलं, काचा खोलीभर, छोटा काटा वाकून चारावर अडकलेला. मी तेव्हा जिन्यात बसून बुटाच्या लेसची गाठ सोडवत होते. काकूने धाकट्याला विचारलं, तो म्हणाला दादा म्हणत होता हिनेच पाडलं, झालं, सुनावणी संपली. दादा म्हणजे काकूचाच मुलगा आणि खोलीत तोच एकटा होता हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी तोंड उघडलं तर म्हणे, "मागे आरसा कुणी फोडलेला गं?" आता आरसा मीच फोडला होता, पण त्याचा घड्याळाशी काय संबंध??

ऐकीव पुरावा, जुनं रेकॉर्ड हे शब्द आता कळले, तेव्हा नुसता घसा दुखत होता रडू दाबून. काकूवर राग नाही हां, अकरा पोरांत तिला फक्त गोंगाट थांबवायचा असायचा. आणि दुसऱ्याचं नाव पुढे करून मीही दोनतीनदा सुटलेय (हे इथेच राहू दे). पण त्यानंतर धाकट्यांच्या भांडणात "आधी त्याला बोलू तर दे" करत मी मध्ये पडायला लागले, फी एक चॉकलेट, आणि ती सवय काही सुटलीच नाही.

रात्री न राहवून दादाला मेसेज टाकला, खरं सांग, घड्याळ कुणी पाडलं?

बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत होतं. मग आलं, "वकीलीणबाई, मुदत संपली ना आता?"