पुस्तकाच्या नोंदीत लेखक कसा यावा?

एका सार्वजनिक वाचनालयाच्या सूचीसाठी मी जँगो रेस्ट फ्रेमवर्क (पायथनमधील जँगोवर एपीआय बांधण्याचे साधन) वापरून एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रामना माहिती पुरवणारा दुवा, लिहिला. त्या कामात सर्वांत जास्त विचार करावा लागला तो एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा: पुस्तकाची नोंद जेसन या मजकुराच्या स्वरूपात पाठवताना तिच्याशी जोडलेल्या नोंदींचे काय करायचे? डेटाबेसच्या दृष्टीने पुस्तकाचा प्रकाशक म्हणजे फॉरेन कीच्या, म्हणजे दुसऱ्या तक्त्यातील नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या, रकान्यातील एक क्रमांक असतो. सूची पाहणाऱ्याला मात्र नाव हवे असते, आणि नावासाठी धागा ओढला की त्यामागून प्रकाशकाचा पत्ता, त्याची इतर पुस्तके आणि त्या पुस्तकांचे लेखक येऊ लागतात. हा धागा कुठे तोडायचा, याचा निर्णय प्रत्येक नात्यासाठी आपण स्वतः घ्यावा, फ्रेमवर्कवर सोडू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

डेटाबेसच्या नोंदीला जेसनसाठी आकार देणाऱ्या वर्गाला सिरियलायझर म्हणतात. त्यातला तयार मॉडेलसिरियलायझर जोडलेल्या नोंदीचा आपणहून फक्त क्रमांक देतो. हा क्रमांक पुस्तकाच्या ओळीतच असल्याने त्यासाठी वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) लागत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे. केवळ नाव पुरेसे असेल तर स्लगरिलेटेडफील्ड वापरून प्रकाशकाच्या तक्त्यातील एकच रकाना दाखवता येतो. स्ट्रिंगरिलेटेडफील्ड याहून सोपे वाटते, पण मी ते टाळतो. ते मॉडेलच्या (तक्त्याचे वर्णन करणाऱ्या वर्गाच्या) 'स्ट्र' पद्धतीतून मजकूर घेते, आणि ती पद्धत बहुतेक वेळा अ‍ॅडमिनच्या पडद्यासाठी लिहिलेली असते. उद्या कोणी तिच्यात गावाचे नाव जोडले, तर एपीआयचे उत्तर कोणाच्या ध्यानीमनी नसताना बदलेल.

लेखकाच्या बाबतीत क्रमांक किंवा नाव एवढ्याने भागत नाही. मराठी वाचनालयात अनुवादित पुस्तके भरपूर असतात, आणि तिथे मूळ लेखक व अनुवादक या दोघांची नावे आपापल्या भूमिकेसह दिसायला हवीत. संपादित ग्रंथ किंवा दिवाळी अंक असेल तर संपादकाचेही नाव हवे. म्हणून पुस्तक आणि व्यक्ती यांच्यामध्ये मी 'सहभाग' नावाचा तक्ता ठेवला, ज्यात भूमिका आणि क्रम हे दोन रकाने आहेत. मेनी-टू-मेनी (अनेकांचे अनेकांशी) नात्यावरून थेट व्यक्तींची यादी पाठवली असती तर भूमिकाच गळून गेली असती, म्हणून पुस्तकाच्या सिरियलायझरमध्ये सहभागाचा सिरियलायझर आणि त्याच्या आत व्यक्तीचा एक छोटा, दोनच रकान्यांचा सिरियलायझर बसवला. व्यक्तीच्या स्वतंत्र पानासाठी मोठा सिरियलायझर वेगळा आहे. एकाच वर्गाने दोन्ही कामे करावीत हा हट्ट सोडला, की पुस्तकातून लेखक आणि लेखकातून पुन्हा पुस्तक असे चक्रही आपोआप टळते.

इथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक आहे. देवघेवीच्या नोंदीसाठी मी सुरुवातीला वेळ वाचवण्याकरिता 'डेप्थ = १' एवढेच लिहिले होते. हा पर्याय जोडलेल्या नोंदीचे सर्व रकाने उत्तरात ओततो. प्रत कधी परत येणार एवढेच दाखवायचे होते, पण उत्तरात सभासदाचा दूरध्वनी क्रमांक आणि घरचा पत्ताही जात होता. पडद्यावर तो दिसत नव्हता, म्हणून कितीतरी दिवस लक्षात आले नाही. ब्राउझरमध्ये कच्चे उत्तर उघडल्यावर ते दिसले. कोण काय वाचतो ही माहिती वाचनालयाने विश्वासाने सांभाळायची असते. तेव्हापासून मी 'डेप्थ' वापरलेले नाही, आणि रकान्यांच्या जागी 'ऑल' लिहिण्याऐवजी प्रत्येक रकाना नावाने लिहितो.

दुसरी अडचण वेगाची. एका पानावर ५० पुस्तके आहेत असे धरू. एकूण संख्या मोजण्याची एक क्वेरी आणि पुस्तकांची एक, एवढ्यावर काम संपायला हवे. पण सिरियलायझर प्रत्येक पुस्तकापाशी थांबून प्रकाशक, सहभाग, त्यातील व्यक्ती आणि प्रती स्वतंत्रपणे मागतो, आणि प्रत्येक पुस्तकाला एकच लेखक धरला तरी क्वेरींचा आकडा २०२ वर जातो. प्रकाशकासारख्या एकेरी नात्यासाठी सिलेक्ट_रिलेटेड वापरले की जॉइन होऊन, म्हणजे दोन्ही तक्ते एकाच क्वेरीत जोडले जाऊन, तो पुस्तकाबरोबरच येतो. सहभाग आणि प्रती अनेक असतात, त्यांच्यासाठी प्रीफेच_रिलेटेड लागते. ते वेगळी क्वेरी करून सर्व ५० पुस्तकांच्या नोंदी एकदम आणते आणि पायथनमध्ये त्या ज्याच्या त्याला जोडते. सहभागाच्या प्रीफेचमध्ये व्यक्तीसाठी पुन्हा सिलेक्ट_रिलेटेड दिले, आणि २०२ च्या जागी ४ क्वेरी उरल्या.

तरीही एक फट राहते. उपलब्ध प्रती दाखवण्यासाठी मी सिरियलायझरमेथडफील्डमध्ये (स्वतः लिहिलेल्या पद्धतीतून भरणाऱ्या रकान्यात) प्रतींवर फिल्टर लावला होता, आणि प्रीफेच करूनही ५० क्वेरी परत आल्या. आधी आणून ठेवलेल्या नोंदी 'ऑल' म्हटल्यावर वापरल्या जातात, पण फिल्टर लावताच जँगो नवी क्वेरी बांधतो. म्हणून गाळणी प्रीफेच वस्तूच्या क्वेरीसेटमध्येच, म्हणजे नोंदी आणणाऱ्या क्वेरीतच, लावावी आणि परिणाम 'टू_अ‍ॅट्र' वापरून वेगळ्या नावाने ठेवावा. अशी चूक डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे एपीआयच्या यादी देणाऱ्या प्रत्येक पत्त्यासाठी (यूआरएलसाठी) मी असर्टनमक्वेरीज (क्वेरींची संख्या तपासणारे साधन) वापरून चाचणी लिहितो, आणि त्या चाचणीत किमान तीन पुस्तके ठेवतो, कारण एकाच पुस्तकावर क्वेरींची वाढ कळत नाही.

फास्टएपीआय (एपीआयसाठीचे दुसरे पायथन फ्रेमवर्क) आणि एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसशी बोलणारे पायथन साधन) यांची जोडी वापरताना हाच दोष वेगळ्या रूपात भेटतो. असिंक (उत्तराची वाट पाहत न अडणाऱ्या) सेशनमध्ये न आणलेल्या नात्याला पायडँटिकने, म्हणजे इथे सिरियलायझरचे काम करणाऱ्या साधनाने, हात लावला, की सरळ अपवाद (एरर) उठतो आणि नाते आधीच आणणारे सिलेक्टइनलोड किंवा जॉइन्डलोड लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साध्या सेशनमध्येही रेझलोड (न आणलेल्या नात्याला हात लावताच अपवाद उठवणारा पर्याय) लावून अशी सक्ती करून घेता येते. मला ही सक्ती आवडते, कारण संथ चालणाऱ्या पानापेक्षा विकासाच्या वेळीच थांबलेले पान बरे.

लिहिण्याच्या बाजूला मात्र वाचण्याचाच आकार वापरू नये. जँगो रेस्ट फ्रेमवर्क आतल्या नोंदी आपणहून साठवत नाही. क्रिएट आणि अपडेट या पद्धती स्वतः लिहाव्या लागतात, आणि ते योग्यच आहे. समजा, पुस्तकाच्या चार प्रती नोंदलेल्या आहेत आणि विनंतीत तीनच आल्या. चौथी प्रत काढून टाकायची आहे, की पाठवणाऱ्याने ती केवळ वगळली आहे? याचे उत्तर डेटाबेसला ठाऊक नसते. सहभागाच्या बाबतीत आलेली यादी हीच पूर्ण यादी, असे मी मानतो आणि जुने सहभाग काढून नवे लिहिण्याचे काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे होईल किंवा काहीच होणार नाही अशा रीतीने, करतो. प्रतींना देवघेवीचा इतिहास जोडलेला असल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र पत्ता ठेवला आहे. तिथे एका वेळी एकच प्रत बदलते, आणि हरवलेली प्रत पुसली न जाता 'गहाळ' अशी नोंदली जाते.