हिशेबाच्या फाईलमधून वेबसाइटवर: एक्सएमएल वाचण्याचा माझा अनुभव

सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका चादर-टॉवेलच्या होलसेल दुकानाची वेबसाइट मी सांभाळतो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही. लग्नसराई जवळ आली की आहेराच्या टॉवेलांसाठी विजापूर, कलबुर्गी, लातूरकडून फोन सुरू होतात आणि प्रत्येकाचं पहिलं विचारणं तेच: माल शिल्लक आहे का? अण्णांचं म्हणणं सरळ होतं. "ताईंच्या कॉम्प्युटरवर जे दिसतंय, तेच साइटवर दिसू दे. मधे कुणी टाइप करत बसायला नको."

ताई म्हणजे दुकानाचा हिशेब बघणाऱ्या. त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सगळा स्टॉक एक्सएमएल फाईलमध्ये, म्हणजे प्रत्येक माहितीभोवती तिच्या नावाचा टॅग असलेल्या मजकुराच्या फाईलमध्ये, बाहेर काढता येतो. साइट पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे, साध्या शेअर्ड होस्टिंगवर. ऐकायला काम एवढंच: फाईल उचला, वाचा, डेटाबेसात टाका. प्रत्यक्षात त्यात बरंच काही निघालं, आणि आपल्याकडच्या कितीतरी दुकानांना हेच काम लागत असणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

साइटचा आधीचा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला होता. त्यात फाईल सिंपलएक्सएमएलने (पीएचपीतली एक्सएमएल वाचण्याची सोपी सोय) उघडून तेच ऑब्जेक्ट थेट पानांपर्यंत पोचवलं होतं. यादीचं पान, शोधाचं पान, चौकशीचा फॉर्म, सगळीकडे टॅगची नावं विखुरलेली. स्टॉकची यादी सेशनमध्ये साठवायला गेलं की पीएचपी अडून बसायचं, कारण सिंपलएक्सएमएलचं ऑब्जेक्ट सिरियलाइझ होतच नाही, म्हणजे साठवता येईल अशा मजकुरात बदलतच नाही. शिवाय त्यातला एक छोटा टॅग जरी कुठल्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला, तरी त्याच्यामागे अख्खं डॉक्युमेंट मेमरीत राहतं.

म्हणून मी पहिली गोष्ट ठरवली ती ही, की एक्सएमएल फक्त एकाच क्लासला (प्रोग्रॅमच्या एका स्वतंत्र घटकाला) माहीत असेल. बाकीच्या साइटला माहीत असेल तो 'माल' नावाचा क्लास: नाव, माप, शिल्लक, भाव, एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड). तो माल कुठल्या टॅगमधून आला याच्याशी पानांचा काही संबंध नाही. पुढचं सगळं काम या एका निर्णयामुळे निभावलं, असं मला मनापासून वाटतं.

आता फाईल. सिंपलएक्सएमएल पीएचपी ५ बरोबर २००४ साली आलं आणि छोट्या फाईलसाठी आजही त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण ते आणि पीएचपीतलं दुसरं साधन डॉमडॉक्युमेंट, दोन्ही अख्ख्या फाईलचं झाड मेमरीत उभं करतात आणि ते झाड फाईलच्या आकाराच्या कितीतरी पट जागा खातं. पीएचपीची मूळ मेमरी मर्यादा १२८ एमबी. वर्षभराच्या नोंदींसकट निघालेली फाईल त्यात मावणं शक्यच नव्हतं. इथे एक्सएमएलरीडर कामाला येतो. गोडाऊनमधल्या सगळ्या गाठी आधी रस्त्यावर मांडून मग मोजायच्या, की टेम्पोतून एकेक गाठ उतरताना मोजत जायची, एवढाच हा फरक. रीडर एका वेळी फाईलमधल्या एकाच घटकावर, म्हणजे नोडवर, उभा असतो. तो पुढे सरकला की मागचं सुटतं.

मी दोन्हींची सांगड घातली. या फाईलमध्ये प्रत्येक वस्तू स्वतःच्या एका वेष्टणाच्या टॅगमध्ये येते. रीडर त्या वेष्टणापर्यंत नेतो, तेवढाच तुकडा उघडून नव्या डॉमडॉक्युमेंटमध्ये आयात करतो, तो सिंपलएक्सएमएलला देतो, त्यातून एक 'माल' तयार करतो आणि यील्डने, म्हणजे एकेक करून, बाहेर देतो. मग नेक्स्ट म्हणून थेट पुढच्या वेष्टणावर उडी. बाहेरून बघणाऱ्याला साधा फॉरईच (एकेक वस्तू घेणारा लूप) दिसतो, आणि मेमरीत एका वेळी एकच टॉवेल असतो.

एवढं लिहून खरी फाईल लावली, तर लिबएक्सएमएलने (पीएचपीच्या या सगळ्या साधनांमागची एक्सएमएल वाचणारी लायब्ररी) पहिल्याच काही ओळींत हात वर केले. चुकीचं अक्षर, किंमत ४. फाईल उघडून बघितली, तर काही नावांच्या आधी अँपरसँड, मग हॅश, मग ४, मग अर्धविराम. म्हणजे चौथ्या क्रमांकाचं नियंत्रण-अक्षर. सॉफ्टवेअर आपल्या मूळच्या गटांची नावं वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांच्यापुढे हे लावतं. पण १९९८ च्या एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालची फक्त तीन अक्षरं चालतात: ९, १० आणि १३. म्हणजे टॅब आणि ओळ बदलण्याची दोन. बाकीची आकड्याच्या रूपात लिहिलेलीही चालत नाहीत. आणि असा दोष दिसला की पार्सरने, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, पुढचं वाचन नेहमीसारखं चालू ठेवायचं नाही, हा नियमच आहे.

लिबएक्सएमएलला 'रिकव्हर' असा पर्याय आहे. जमेल तेवढं वाचतो, बिघडलेलं सोडतो. अनेक जण तो लावून मोकळे होतात. स्टॉकच्या कामात मी तो कधीही वापरणार नाही. अर्धा वाचलेला स्टॉक हा न वाचलेल्यापेक्षा वाईट, कारण साइट आत्मविश्वासाने खोटं बोलते आणि गिऱ्हाईक विजापूरहून गाडी घेऊन येतं.

तेव्हा ती अक्षरं पार्सरपर्यंत पोचायच्या आधीच काढायची. अख्खी फाईल स्ट्रिंगमध्ये घेऊन बदल केला तर मेमरीचा प्रश्न परत तिथेच. पीएचपीत यासाठी स्ट्रीम फिल्टर आहे: एक तयार क्लास एक्स्टेंड करायचा, त्यातली फिल्टर ही मेथड आपण लिहायची, आणि फाईल वाहत असतानाच साफ होत जाते. पण या फाईलमध्ये शोधूनही काही सापडेना. कारण ती यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या एका वेगळ्या पद्धतीत, होती. त्यात इंग्रजी अक्षरालाही दोन बाइट, मधे मधे शून्य, त्यामुळे अँपरसँडच्या शेजारी हॅश कधी येतच नाही. एक्सएमएल पार्सरला यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ दोन्ही कळलीच पाहिजेत, त्यामुळे त्याची तक्रार नसते. अडचण मधल्या फिल्टरची. म्हणून आधी आयकॉन्व्हचा तयार फिल्टर लावून यूटीएफ-८ केलं, त्याच्यापुढे माझा फिल्टर. फाईलच्या माथ्यावर एन्कोडिंग सांगणारी ओळ नव्हती हे बरं झालं, नाहीतर तीही बदलावी लागली असती.

आणखी एक बारकावा आहे, तो नीट बघा. फिल्टरकडे फाईल तुकड्यातुकड्याने येते. अँपरसँड आणि हॅश एका तुकड्याच्या शेवटी, आणि ४ व अर्धविराम पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला, असं होऊ शकतं. दोन्ही तुकडे वेगवेगळे तपासले तर दोन्ही निर्दोष दिसतात आणि जोडल्यावर पार्सर अडतो. हे रोज होत नाही, एखाद्या दिवशीच होतं, म्हणून शोधायला फार जड. उपाय असा: तुकड्याच्या शेवटाकडे अँपरसँड आहे आणि त्याच्यापुढे अर्धविराम अजून आलेला नाही, तर तिथून पुढचं पाठवायचं नाही, ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीत ठेवायचं आणि पुढच्या तुकड्याला जोडायचं. फिल्टर हा क्लास असण्याचा खरा उपयोग इथे कळतो, त्याला मागचं लक्षात ठेवता येतं. मी चाचणीत मुद्दाम एकेका बाइटचे तुकडे करून तो तपासला.

टॅगच्या नावांत टिंबंही आहेत. एक्सएमएलला टिंब चालतं, पण पीएचपीत बाणानंतर तसं नाव सरळ लिहिता येत नाही. महिरपी कंसात अवतरण घालून लिहावं लागतं. हे किरकोळ. किरकोळ नाही ते भावाचं. सिंपलएक्सएमएलमध्ये नसलेला टॅग मागितला तर एरर येत नाही, आणि त्याला आकड्यात बदललं की शून्य मिळतं. म्हणजे ज्या चादरीचा भाव ताईंनी अजून भरलाच नाही, ती साइटवर ० रुपयांना. म्हणून 'माल' क्लासमध्ये भाव नाही आणि भाव शून्य या दोन वेगळ्या अवस्था ठेवल्या. भाव नसेल तर पान 'भावासाठी फोन करा' म्हणतं.

शिल्लक हा आकडा नसून मजकूर असतो: '१२० नग', '१० डझन', कधी '५ डझन ३ नग'. त्यासाठी 'परिमाण' हा वेगळा क्लास. तो सगळं नगावर आणतो, आणि ओळखीचं नसलेलं एकक दिसलं तर अंदाज न लावता एक्सेप्शन टाकतो. स्टॉकची किंमत मात्र उणे येत होती, सगळ्या मालाची. ताईंना विचारलं.

"अरे, स्टॉक ही मालमत्ता. तिची बाकी नावेच, म्हणजे डेबिटच, असणार. नावे रक्कम उणे लिहितात त्यात."

असल्या गोष्टी कुठल्या मॅन्युअलमध्ये शोधण्यापेक्षा हिशेब बघणाऱ्या माणसाला विचाराव्यात.

ओघाने वाचण्याची एक किंमतही आहे. झाड उभं करणारा पार्सर फाईल बिघडलेली असेल तर सुरुवातीलाच नाही म्हणतो. रीडरला शेवटच्या ओळीतला दोष शेवटी कळतो, तोवर आधीचा सगळा माल डेटाबेसात गेलेला असतो. म्हणून पूर्ण फाईल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेसात पक्कं होईल तर सगळं, नाहीतर काहीच नाही. आणि रीडरची रीड मेथड फाईल संपली तरी फॉल्स देते, बिघडली तरी फॉल्सच देते. लूप संपल्यावर लिबएक्सएमएलच्या एरर तपासूनच कमिट (पक्कं) करायचं, नाहीतर रोलबॅक (सगळं मागे). दुकानातलं इंटरनेट मधेच गेलं आणि फाईल अर्धी अपलोड झाली, तर कालचा स्टॉक तसाच राहतो.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: बाहेरून आलेली एक्सएमएल फाईल एंटिटीच्या (दुसरा मजकूर आणून बसवणाऱ्या खुणेच्या) वाटेने सर्व्हरवरची दुसरी फाईल वाचायला लावू शकते. लिबएक्सएमएल २.९ पासून बाहेरच्या एंटिटी आपोआप लोड होत नाहीत, पण नोएंट हा, एंटिटीच्या जागी तिचा मजकूर भरणारा, पर्याय दिला की हे दार परत उघडतं, आणि जुन्या उदाहरणांत तो सर्रास दिसतो. तो काढा.

हे सगळं चालू झाल्यावर अण्णांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा मालही साइटवर घ्यायला सांगितला. त्यांचीही एक्सएमएल, पण घडण पूर्ण वेगळी, आणि मुळालाच नेमस्पेस (टॅग कुठल्या संचातले ते सांगणारं नाव) लावलेली. अशा फाईलवर साधा एक्सपाथ (टॅग शोधण्याची सूचना) चालवला तर एरर नाही, इशारा नाही, नुसता रिकामा ॲरे. नेमस्पेसला आपण एक उपसर्ग नोंदवायचा आणि एक्सपाथमध्ये प्रत्येक टॅगला तो लावायचा, मग उत्तरं येतात. ही फाईल छोटी होती, तिला सिंपलएक्सएमएल पुरलं. 'मालस्रोत' हा इंटरफेस (माल देणाऱ्या प्रत्येक क्लासने पाळायचा साचा) मी आधीच ठेवला होता. त्याचा दुसरा क्लास लिहिला आणि यादी, शोध, चौकशी यांतल्या एकाही पानाला हात लावावा लागला नाही.

आता रोज रात्री क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) दोन्ही फाईली वाचतो. ज्या वस्तू 'परिमाण' किंवा भावावर अडल्या, त्यांची यादी सकाळी ताईंच्या ईमेलवर जाते आणि दुकान उघडल्यावर त्या तिथल्या तिथे नोंद दुरुस्त करतात. मागच्या आठवड्यात त्यांनीच सुचवलं की यादीत वस्तूच्या नावाबरोबर तिचा गटही द्यावा, कारण '३० × ६० पांढरा' नावाचे टॉवेल त्यांच्याकडे एकाहून जास्त गटांत आहेत. ते 'माल' क्लासमध्ये घालतोय सध्या.