मला नियम पाठ होता, पण कॅलिफोर्नियाचा

कॅलिफोर्नियाहून न्यू जर्सीला येऊन आम्हाला जेमतेम पाच महिने झाले होते. इथे राहायला आलं की ६० दिवसांत लायसन्स बदलून घ्यावं लागतं. पण दुसऱ्या राज्याचं चालू लायसन्स हातात असेल तर लेखी परीक्षा नाही आणि गाडी चालवूनही दाखवायची नाही. कागद दाखवले, डोळे तपासले, फोटो काढला, झालं. तेव्हा हायसं वाटलं होतं. न्यू जर्सीचं ड्रायव्हर मॅन्युअल मी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. घोळाचं मूळ तिथेच.

सकाळी पावणेआठची वेळ. चार लेनचा रस्ता, दोन जायच्या, दोन यायच्या, मध्ये दुहेरी पिवळी रेघ. पलीकडच्या कडेच्या लेनमध्ये स्कूल बस उभी होती. लाल दिवे लुकलुकत होते, 'स्टॉप'ची पाटी बाहेर आली होती, म्हणजे मुलं चढ-उतार करताहेत, गाड्यांनी थांबायचं. मला बस दिसली नाही असं मुळीच नाही, चांगली दिसली. तरी मी गेले, कारण मला नियम ठाऊक होता! रस्त्याच्या प्रत्येक बाजूला दोन किंवा जास्त लेन असतील, तर समोरून येणाऱ्यांनी थांबायची गरज नाही. फ्रीमाँटला असताना लेखी परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि माझं उत्तर बरोबर होतं.

दोन मिनिटांत आरशात निळे-लाल दिवे. पोलिसाने विचारलं, का थांबवलं ते माहीत आहे का? मी त्याला भर रस्त्यात चार लेनचा नियम समजावून सांगितला. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅम, धिस इज न्यू जर्सी." मग तिकीट फाडलं. त्यावर कोर्टात हजर राहणं आवश्यक असल्याची खूण होती. म्हणजे ऑनलाइन पैसे भरून मोकळं होण्याची सोय नाही.

त्या रात्री मी कायदा वाचून काढला. परीक्षेच्या आधी वाचायचं ते परीक्षा झाल्यावर, तसं. इथे लेन किती आहेत याला काही अर्थच नाही. मध्ये काय आहे ते बघायचं. रंगवलेली रेघ म्हणजे दुभाजक नव्हे. नुसती रेघ असेल तर दोन लेन असोत की सहा, दोन्ही दिशांच्या गाड्यांनी बसपासून किमान २५ फुटांवर थांबायचं आणि लाल दिवे बंद होईपर्यंत हलायचं नाही. रूट वनसारखा मध्ये खराखुरा दुभाजक असलेला रस्ता असेल, तर बसच्या मागून येणाऱ्यांनी थांबायचं. पलीकडच्यांनी थांबायचं नाही, पण वेग ताशी १० मैलांवर आणायचा, आणि बस व मुलं मागे पडेपर्यंत तो वाढवायचा नाही. म्हणजे माझ्या रस्त्यावर दुभाजक असता, तरी ज्या वेगाने मी गेले तो चुकीचाच होता.

त्याच्याच खाली शिक्षा. पहिल्या वेळी किमान १०० डॉलर दंड, १५ दिवसांपर्यंत तुरुंग किंवा तेवढ्याच दिवसांची समाजसेवा, किंवा दोन्ही. लायसन्सवर ५ पॉइंट, म्हणजे चुकीबद्दल नावावर चढणारे दंडगुण. तुरुंग हा शब्द वाचून पोटात गोळा आला. मी एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मुलगी पहिलीत. नवरा म्हणाला, "अगं, एवढ्यासाठी कोणी आत टाकत नाही." पण त्यानेही ते दोनदा वाचलं हे मी पाहिलं. आईला साताऱ्याला फोनवर सांगितलं, तर तिला आधी गुन्हाच कळेना. "बस थांबली म्हणून तुम्ही का थांबायचं?" तिचंही बरोबर होतं. पुण्यात स्कूटी शिकले तेव्हा बस थांबली की उजवीकडून चटकन पुढे काढायची, हेच मी शिकले होते.

इथल्या मराठी मंडळातले एक काका तीस वर्षं जर्सीत आहेत. ते म्हणाले, "पैसे भरून गुन्हा कबूल केला असं करू नकोस. आधी प्रॉसिक्युटरशी, म्हणजे सरकारी वकिलाशी बोल. पॉइंट महत्त्वाचे, दंड नाही." तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की राज्य वर वेगळा आकार लावतं आणि विमा महागतो तो निराळाच. माझे एका झटक्यात ५. वकील करावा का यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी केला नाही. हे शहाणपण होतं की कंजूषपणा, अजून ठरवता आलेलं नाही.

कोर्ट झूमवर होतं. मी वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली पँट अशी लॅपटॉपपुढे दोन तास बसून होते. माझ्याआधी कुणाचं विमा संपल्याचं, कुणाचं फोन हातात धरल्याचं. प्रॉसिक्युटरने वेगळ्या खोलीत घेतलं, म्हणजे झूमच्याच. मी कॅलिफोर्नियाचं पुराण लावणार होते, पण त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, "बस दिसली होती?" मी म्हटलं, "हो." त्यांनी माझा जुना रेकॉर्ड पाहिला, तो कोरा होता. मूळ गुन्ह्याऐवजी 'असुरक्षित ड्रायव्हिंग' कबूल केलं तर चालेल, असं म्हणाले. त्याला पॉइंट नाहीत, पण दंडाशिवाय २५० डॉलरचा ठरावीक आकार द्यावा लागतो. पॉइंट न लागण्याची किंमत म्हणायची.

जज्जबाईंनी विचारलं, दबावाखाली कबुली देत नाही ना, आणि काय केलं ते तुमच्या शब्दांत सांगा. तेवढंच खरं अवघड गेलं. "थांबलेल्या स्कूल बससमोरून मी गाडी नेली," हे मोठ्याने म्हणताना पहिलीतली मुलगी डोळ्यांसमोर आली. कोर्टखर्च धरून ४०० डॉलरच्या वर गेले.

मग मी मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचलं. पुढच्याच महिन्यात लाँग आयलंडला नणंदेकडे गेलो. मोठा रस्ता, मध्ये गवताचा रुंद दुभाजक, पलीकडे बस उभी, लाल दिवे सुरू. आता मला येतं म्हणून मी ऐटीत वेग १० वर आणला. शेजारी बसलेली नणंद ओरडली, "वहिनी, थांब! न्यूयॉर्कला दुभाजक असला तरी थांबावं लागतं!"

मी करकचून ब्रेक दाबला. बसमधून एक लहानसा मुलगा उतरला आणि पाठीवरचं दप्तर सावरत आपल्याच बाजूच्या घरात निघून गेला. मागून कुणी हॉर्न वाजवला नाही.