पेंढा भरलेला गवा बघायला मुंबईला कशाला?

सहलीची चिठ्ठी घरी गेली की पालकांचा प्रश्न ठरलेला: "सर, पेंढा भरलेली जनावरं बघायला सांगलीहून मुंबईपर्यंत कशाला? मोबाइलवर जिवंत दिसतात की!" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मोबाइलवरचा गवा पळत असतो. चांदोलीकडचा एखादा वाट चुकून उसात शिरला की व्हिडिओ गावभर फिरतात. त्यात दिसतं काय? मागे लागलेली माणसं, आरडाओरडा आणि क्षणभर एक काळं धूड. "रेडाच असेल," म्हणून पोरं मोकळी होतात.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला गवा कुठे पळत नाही. मी पोरांना काचेसमोर वही-पेन्सिल देऊन बसवतो. बाकीची दालनं राहिली तर राहू देत. आधी नुसती चुळबुळ चालते. मग कुणीतरी म्हणतं, याच्या पायात पांढरे मोजे आहेत. दुसरीला पाठीवरचा उंचवटा दिसतो, जो रेड्याला नसतो. तिसरा शिंगांची काळी टोकं रंगवत बसतो. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो, हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. तो समोर उभा असला की शिरतं. असं जनावर गर्दीत बिथरलं तर काय होईल, हे मग मला वेगळं सांगावं लागत नाही.

"सर, याला मारलंय का?" हेही कुणीतरी विचारतंच. मी खरं ते सांगतो. संग्रहालयाचा हा प्राण्यांचा विभाग उभारायला मदत करणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 सालची. त्या काळी अभ्यासाचे नमुने बहुतेक बंदुकीनेच गोळा व्हायचे. मुलांना वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं. पण कोणता प्राणी कुठे, कधी होता याची पक्की नोंद अशा नमुन्यांमुळेच राहिली, हेही त्यांना कळायला हवं.

म्हणून परत आल्यावर एकच गृहपाठ देतो: तुमच्या लहानपणी दिसायचं आणि आता दिसत नाही असं काय, ते आजी-आजोबांना विचारून या. गिधाड हे उत्तर हमखास येतं. मग डायक्लोफिनॅकची गोष्ट निघते. गुरांना दिलेलं हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसात उरायचं, ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारतात 2006 साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. आमच्याकडे बऱ्याच घरी गाई-म्हशी, त्यामुळे पुढचा प्रश्न लगेच येतो: आमच्या म्हशीला डॉक्टर काय टोचतात? त्यासाठी मी गुरांच्या डॉक्टरांनाच वर्गात बोलावतो. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम मिळतं, हे ऐकून काही मुलांनी त्याच संध्याकाळी घरी जाऊन गोठ्यातल्या बाटल्यांवरची नावं तपासली.